‘कॉइल गेली’ म्हणण्याआधी

होडी जेटीला लागते, कव्हर निघतं, मेकॅनिक दोरी ओढतो आणि मशीन पहिल्याच ओढीला सुरू होतं. तासाभरापूर्वी खडकांजवळ दोनदा बंद पडलं ते हेच का, असं वाटावं इतकं शहाण्यासारखं. मालक म्हणतो, ‘कॉइल गेली असणार.’ मेकॅनिक म्हणतो, ‘सीडीआय बॉक्स असेल.’ दोघांपैकी कुणीही काही मोजलेलं नसतं.

इथे बोलतोय ते पेट्रोलवरच्या आउटबोर्ड मशीनबद्दल. ट्रॉलरच्या पोटातलं डिझेल इंजिन या चर्चेत येत नाही. तिथे स्पार्क प्लगच नसतो, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. तरीही डिझेलचं ‘इग्निशन’ तपासायला सांगणारे भेटतात, म्हणून हा पहिला गैरसमज इथेच निकालात काढू.

गैरसमज : प्लग काढून बॉडीला टेकवला, ठिणगी दिसली, म्हणजे करंट ठीक आहे.

वस्तुस्थिती : ती ठिणगी मोकळ्या हवेत पडलेली असते. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉइल बाहेर छान निळी ठिणगी दाखवते आणि आत, जोर लागला की, माघार घेते. त्यात ही तपासणी थंड मशीनवर होते आणि बिघाड मात्र अर्ध्या तासाने, मशीन तापल्यावर यायचा असतो. पेट्रोलच्या वाफा असलेल्या जागी उघडी ठिणगी पाडणं हा धोका आहेच. त्यापेक्षा फट कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर लावा आणि मशीनच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या फटीवर ठिणगी उडी मारते का ते पाहा. प्लगच्या टोप्या नुसत्या लोंबत ठेवून मशीन फिरवू नका. बाहेर पडायला वाट न मिळालेली वीज बॉक्स किंवा कॉइल खराब करू शकते.

गैरसमज : मल्टीमीटरने कॉइल चांगली दाखवली, म्हणजे ती सुटली.

वस्तुस्थिती : मल्टीमीटर जेमतेम काही व्होल्टवर ओहम मोजतो. प्लगकडे जातात हजारो व्होल्ट. त्या दाबाखाली कॉइलचं इन्सुलेशन फुटत असेल तर मीटरला पत्ताही लागत नाही. आत तुटलेली तार थंड असताना टेकून असते आणि तापल्यावर फाकते, तेही तसंच. उलटी चूकही होते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सावलीत ५०० ओहम दाखवणारी कॉइल ५० अंशांनी तापली की ६०० च्या आसपास जाते, आणि तरीही ती धडधाकट असते. पुस्तकातला आकडा कोणत्या तापमानाचा आहे हे न पाहता तिला बाद करणारे मी पाहिले आहेत. मशीन फिरत असताना किती व्होल्टेज निघतं ते मोजणारा पीक व्होल्टेज अडॅप्टर मिळतो. मशीन चिडलेलं असताना तो लावला, तर तो खरं सांगतो.

गैरसमज : किल स्विचची वायर तुटली तर करंट पुढे पोहोचत नाही.

या एका गैरसमजापायी किती चांगल्या कॉइल भंगारात गेल्या असतील कोण जाणे! म्हणून इथे जरा थांबू.

दोरीने सुरू होणाऱ्या बहुतेक छोट्या मशीनमध्ये ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. फ्लायव्हीलच्या आत चुंबकं असतात. ती फिरली की खालच्या चार्ज कॉइलमध्ये वीज तयार होते आणि सीडीआय बॉक्समधल्या कपॅसिटरमध्ये साठते, साधारण २०० ते ४०० व्होल्ट. पल्सर कॉइलचा इशारा आला की तो साठा एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो आणि तिथून प्लगकडे २० हजार किंवा त्याहून जास्त व्होल्ट निघतात. ‘बॅटरी उतरली म्हणून मिसिंग करतंय’ हे अशा मशीनच्या बाबतीत खरं नाही. मोठ्या इंजेक्शनवाल्या फोर स्ट्रोक मशीनची गोष्ट वेगळी. त्यांना बॅटरी लागतेच.

आता असं मशीन थांबवायचं कसं? घरातला दिवा वायर तोडल्यावर विझतो. इथे उलट आहे. किल स्विच ही वीज बॉडीला जोडून देतो, म्हणजे ती प्लगकडे न जाता तिथेच मरते. त्यामुळे वायर तुटली तर मशीन बंदच होणार नाही. पण स्विचमध्ये मीठ आणि ओल साचली, किंवा वायरचं आवरण एखाद्या कडेवर घासून उडालं, तर लाटेच्या प्रत्येक आदळीला वायर बॉडीला लागते आणि करंट जातो. किनाऱ्यावर, होडी स्थिर असताना, सगळं व्यवस्थित.

तपासणीला खर्च नाही. होडी बांधलेली असताना, खालचा भाग पाण्यात बुडालेला ठेवून, किल स्विचकडे जाणारी वायर बॉक्सजवळ तात्पुरती सोडवा. दुखणं थांबलं तर चोर त्याच वाटेवर आहे. मग मशीन बंद करायला चोक ओढावा लागेल किंवा पेट्रोल तोडावं लागेल, हे आधीच ठरवून ठेवा. आणि वायर सोडलेल्या अवस्थेत समुद्रात अजिबात जाऊ नका. माणूस पाण्यात पडला तर किल स्विचची मनगटावरची लाल दोरी तेव्हा काही कामाची नसते.

गैरसमज : स्प्रे मारला की खाऱ्या पाण्याचा त्रास जातो.

पाणी हटतं, गंज हटत नाही. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तसंच वायरमधलं तांबं कळकतं, तेही आवरणाच्या आत, दिसणार नाही असं. जोडाजवळ आवरण थोडं सोलून पाहा. तार काळी किंवा हिरवी निघाली तर लख्ख तांबं लागेपर्यंत मागे कापा. नवी वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या आणि जोडावर चिकट अस्तराची आकसणारी नळी बसवा. इन्सुलेशन टेपचा भरवसा धरू नका.

गैरसमज : मशीन आचके देतं म्हणजे इग्निशनच.

बटण दाबल्यासारखं एकदम बंद पडलं तर ठिणगीवर संशय घ्या. दम लागल्यासारखं मंदावत गेलं आणि नळीतला रबरी पंप दाबल्यावर पुन्हा उभारी धरली, तर आधी इंधन पाहा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला तरी मशीन काही मिनिटांनी गुदमरतं. झाकण उघडलं की जीव येतो, आणि कॉइलवर आळ येतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल शोषतं, आणि पाणी फार झालं की त्याच्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं.

शिवाय काही मशीन मुद्दाम ठिणगी तोडतात. मशीन जास्त तापलं तर त्याला वाचवायला वेग आपोआप खाली आणला जातो. अशा वेळी मागून पडणारी पाण्याची धार पाहा. ती बारीक झाली असेल तर पाणी खेचणाऱ्या जाळीला अडकलेली प्लास्टिकची पिशवी किंवा झिजलेला इंपेलर हे खरं कारण असू शकतं.

गैरसमज : बॉक्स बदलून बघू.

बाजारात इलेक्ट्रिकल पार्ट सहसा परत घेत नाहीत. ‘बघू’ म्हणताना हे लक्षात असू द्या. सीडीआय बॉक्स थेट तपासणं अवघड असतं. बॉक्समध्ये येणारं सगळं बरोबर आहे आणि बाहेर मात्र काही निघत नाही, हे मोजून ठरल्यावरच त्याच्यावर बोट ठेवायचं. म्हणजे सगळ्यात शेवटी. प्लगचं मात्र आधी पाहा. क्रमांकात ‘आर’ अक्षर असलेला प्लग सांगितला असेल तर साधा घालू नका. त्यातल्या रेझिस्टरमुळे विद्युत गोंगाट दबतो, आणि तो न दबल्यास काही मशीनचे इलेक्ट्रॉनिक्स गोंधळतात.

मेकॅनिककडे जाताना चार गोष्टी लिहून न्या : सुरू केल्यापासून किती मिनिटांनी बंद पडलं, कोणत्या वेगाला, लाट आदळल्यावर की सरळ पाण्यात, आणि बंद पडल्याबरोबर काढलेला प्लग ओला होता की कोरडा. अंधार पडल्यावर कव्हर काढून मशीन चालवा आणि प्लगच्या वायरींवर साध्या पाण्याचा फवारा मारा. करंट गळत असेल तर निळी रेघ डोळ्यांनी दिसेल. हात मात्र फ्लायव्हीलपासून आणि त्या वायरींपासून लांब ठेवा.

आणि बिघाड सापडेपर्यंत वल्हं आणि नांगर होडीत असू द्या.