कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटला नवा रंग द्यायचाय? आधी हे वाचा

पत्रा धड असेल तर कॅबिनेट जुनं झालं म्हणून बदलायची गरज नाही. स्प्रे कॅननं घरच्या घरी त्याचं रूप पालटता येतं!

१. रिकामं करा: मदरबोर्ड, पंखे, वायरी, एसएमपीएस सगळं बाहेर काढा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आत धोकादायक व्होल्टेज राहू शकतं.

२. घासा: ३२० ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं जुन्या रंगाची चमक घालवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. बोटांचा तेलकटपणा राहिला की तिथं रंग धरत नाही.

३. झाका: मदरबोर्ड ज्या पितळी स्टँडऑफवर बसतो ते आणि स्क्रूची भोकं मास्किंग टेपनं झाका. बोर्ड तिथूनच कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडला जातो, म्हणून तिथं रंग नको.

४. रंगवा: आधी प्रायमर, मग रंग, शेवटी क्लिअर कोट. कॅन २०-३० सेंटिमीटर लांब धरा, हात सतत फिरता ठेवा. जाड थराला ओघळ येतात. पातळ २-३ थर द्या.

मास्क लावा, मोकळ्या हवेत काम करा. भर पावसाळ्यात मात्र नको; दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.

तुम्ही कोणता रंग देणार? फोटो नक्की टाका!