नव्या घराला आधी तगर, मग गुलाब

माधवनगरात घर बांधलं की लोक पहिल्यांदा गुलाब आणतात. मीही आणला, मेमध्ये वाळला. आपली काळी माती पावसात चिकट होते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे तगर, जास्वंद, सदाफुली टिकतात. सदाफुली मूळची मादागास्करची, पण आमच्या फरशीच्या सांध्यातही उगवलीय! बोगनवेलीला पाणी जास्त झालं की नुसता पाला. माती सुकू द्या, मग रंग बघा. कण्हेर चिवट, पण अख्खं झाड विषारी, घरात लहान मूल असेल तर नकोच.

लावायचं जूनमध्ये, पाऊस मुरल्यावर. खड्ड्यातला बांधकामाचा राडारोडा आधी काढा, शेणखत घाला. पहिला उन्हाळा पाणी द्यावंच लागतं. बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरलं की ओल टिकते. पाचट आपल्याकडे काय, मागाल तेवढं!