ठाण्यात स्थापन झालेला पहिला नग्नतावादी संघ

नग्नतावाद, म्हणजे मोकळ्या हवेत विवस्त्र राहण्याची विचारपूर्वक स्वीकारलेली जीवनपद्धती, युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवर जन्मली असा समज असला, तरी तिची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी संघटना १८९१ साली मुंबई इलाख्यातील ठाण्यात स्थापन झाली, आणि ही गोष्ट मराठी वाचकांना नक्कीच ठाऊक असायला हवी. तेथील जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी काढलेल्या या ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’चे सभासद अवघे तीन होते, उरलेले दोघे एका मिशनऱ्याचे पुत्र होते. माथेरानच्या आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तुळशी तलावाच्या परिसरातील एकांतात ते विवस्त्र वावरत, मात्र अश्लील बोलणे वा वर्तन संघाच्या नियमांना मान्य नव्हते. क्रॉफर्ड यांनी इंग्रज विचारवंत एडवर्ड कार्पेंटर यांना लिहिलेल्या पत्रांमुळे हा वृत्तान्त टिकला, हे इतिहासाच्या दृष्टीने मोठेच भाग्य. संघस्थापनेच्या पुढल्याच वर्षी क्रॉफर्ड यांची रत्नागिरीस बदली झाली, संघ संपला आणि १८९४ मध्ये त्यांचे निधन झाले. युरोपात मात्र जर्मनीतील पहिले नग्नतावादी उद्यान १९०३ साली उघडले, तर इंग्लंडमधील ब्रायटनच्या किनाऱ्याचा एक भाग विवस्त्र स्नानासाठी अधिकृतपणे राखला जाण्यास १९८० साल उजाडावे लागले.