कंपाउंडच्या बाटलीवरचा आकडा आणि भंगारातलं बोनेट

कार पॉलिशिंगच्या व्हिडिओत एक भाग मी घाईत उरकला होता. कोणतं कंपाउंड किती घासतं, हे ओळखायचं कसं? मूलसारख्या गावात हा धंदा सुरू करणाऱ्याला पहिली खरेदी करतानाच हा प्रश्न पडतो. तिथे चूक झाली तर पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी बोनेटचा रंग स्वतःच्या खिशातून भरून द्यावा लागतो. म्हणून आज जरा निवांत बोलू.

आधी घासायला आपल्याकडे माल किती आहे ते बघा. झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या थरापर्यंतचा सगळा रंग मिळून बहुतेक वेळा १०० ते १५० मायक्रॉन भरतो. त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लियर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. अर्धा कागद! उन्हापासून खालचा रंग वाचवणारी रसायनं याच थरात असतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४७ च्या वर जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. लोकरीच्या पॅडवर जाड कंपाउंडचा एक पूर्ण हात मारला तर ढोबळमानाने दोन-तीन मायक्रॉन जातात, कधी जास्तही. फिनिशिंग पॉलिशमध्ये एकपेक्षा कमी. म्हणजे एका गाडीला जन्मात असे जाड हात मोजकेच मारता येतात, आणि तुमच्याकडे येण्याआधी कुणी किती मारलेत ते गिऱ्हाइकालाही माहीत नसतं.

आता दुकानात जा. काउंटरवरचा माणूस सांगेल, "भाऊ, हे घ्या, याचा कट जोरदार आहे." जोरदार म्हणजे किती? कशाच्या तुलनेत?

पॉलिश पेपरचं बरं असतं. त्याला ठरलेलं माप आहे. पी अक्षराचा पेपर घेतला तर पी १५०० चे कण सरासरी १२.६ मायक्रॉनचे, पी २००० चे १०.३ आणि पी २५०० चे ८.४ मायक्रॉनचे. कंपनी कोणतीही असो, आकडा वाढला की पेपर बारीक. कंपाउंडला असं सगळ्यांनी मान्य केलेलं एकच माप नाही. मॅग्वायर्सच्या कट-पट्टीवर आकडा मोठा तर घासणं जास्त. मेंझर्नाच्या नावातले ४००, २५००, ३८०० हे आकडे उलटे चालतात, ४०० सगळ्यात जाड आणि ३८०० शेवटच्या चमकेसाठी. थ्रीएमच्या परफेक्ट-इटमध्ये झाकणाचा रंग बघायचा: हिरवं झाकण जोरात कापणारं, पिवळं मधलं, निळं अगदी बारीक. आपल्या पेंटरलोकांच्या आवडीचं फारेक्लाचं जी-थ्री घ्या. त्यातला तीन हा आकडा मॅग्वायर्सच्या पट्टीवर शोधायला गेलात तर फसलात.

एका कंपनीच्या मालात आपापसात तुलना करायला हे आकडे कामाचे आहेत. एका कंपनीचा ८ आणि दुसरीचा ८ हे मात्र एक नव्हेत. यात कंपन्यांची लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. घासणं एकट्या बाटलीत नसतंच. कण किती मोठे आणि कसले, पॅड लोकरीचं, मायक्रोफायबरचं की फोमचं, मशीन रोटरी की ड्युअल ॲक्शन, हाताचा दाब किती आणि समोरचा रंग कडक की मऊ, या सगळ्यांचं मिळून ते होतं. तेच मध्यम कंपाउंड लोकरीवर लावलं तर जाडासारखं कापतं, आणि मऊ फोमवर नुसतं पुसल्यासारखं फिरतं. माझ्या मते पॅडचा फरक बाटलीच्या फरकापेक्षा बरेचदा मोठा असतो. नवीन माणूस मात्र चार बाटल्या घेतो आणि पॅड एकच ठेवतो.

कणांचीही एक गंमत आहे. काही कंपाउंडमधले कण घासता घासता फुटून बारीक होतात. सुरुवातीला कापतात आणि शेवटी चमक देतात, पण त्यांना पुरेसा वेळ फिरवावं लागतं. अर्ध्यात थांबलात तर रंगावर धुकं राहतं आणि तुम्ही म्हणणार, "माल खराब आहे." दुसऱ्या प्रकारातले कण आकार बदलत नाहीत, ते सुरुवातीपासूनच एकसारखे बारीक असतात. तुमच्या बाटलीत कुठला प्रकार आहे ते लेबलवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात बघून ठेवा, कारण मशीन कधी थांबवायचं ते त्यावर ठरतं.

मग तुलना करायची कशी? स्वतःच. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानातून किंवा भंगारातून एक जुनं बोनेट आणा. त्यावर कंपनीचा मूळ रंग हवा, शक्यतो काळा किंवा गडद. पांढऱ्यावर ओरखडे दिसतच नाहीत. ते स्वच्छ धुवा आणि मास्किंग टेपने फुटा-फुटाचे सहा चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनावर पी २००० चा ओला पेपर एकाच दिशेने, मोजून तेवढेच हात फिरवा. आता सगळीकडे सारखीच जखम झाली. मग प्रत्येक चौकोनात वेगळं कंपाउंड लावा, पण पॅड त्याच जातीचं आणि स्वच्छ, मशीनचा वेग तोच, थेंब तेवढेच. आडवे-उभे चार फेरे झाले की थांबा.

आणि लगेच खूश होऊ नका. अनेक कंपाउंडमध्ये तेल आणि मेण असतं, ते ओरखड्यात भरून बसतं आणि ओरखडा गेल्यासारखा वाटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे करून पुसा, मग अंधारात टॉर्च तिरका धरून बघा. पेपरच्या रेघा गेल्या का? किती फेऱ्यांत गेल्या? आणि त्यांच्या जागी कंपाउंडने स्वतःचं काय ठेवलं, जाळी, धुकं की काही नाही? या तीन गोष्टी टेपवरच पेनने लिहा. मग तेच कंपाउंड दुसऱ्या पॅडवर करून बघा. दोन रविवार जातील, पण तुमच्या हाताची, तुमच्या मशीनची पट्टी तयार होईल. काउंटरवरच्या माणसाकडे ती नाही.

जाडी मोजायचं मीटर घेणार असाल तर जरूर घ्या, पण त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवू नका. साधं मीटर पत्र्यावरची सगळी जाडी एकत्र दाखवतं, क्लियर कोट वेगळा दाखवत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर चालतच नाही. एक-दोन मायक्रॉनचा फरक तर त्याच्या स्वतःच्या चुकीतच बुडतो. म्हणून भंगारातल्या बोनेटवर एकाच जागी दहा वेळा पूर्ण हात मारा, आधीच्या आणि नंतरच्या आकड्याची वजाबाकी करा आणि दहाने भागा. तेव्हा कुठे त्या कंपाउंडची खरी भूक कळते.

आता मूलचं बघू. इथल्या गाड्यांवर दोन खास गोष्टी असतात. एक म्हणजे जंगलातल्या रस्त्यांवर बांबूच्या फांद्या आणि रायमुनियाचे काटे दोन्ही बाजूंनी दारं घासतात. नख अडकत नसेल तर असा ओरखडा मध्यम कंपाउंडने बहुतेक निघतो. नख अडकलं तर तो खोल आहे. तो काढण्याचा हट्ट धरलात तर आजूबाजूचा सगळा थर त्याच्या पातळीला आणावा लागेल. तिथे "फिका होईल, जाणार नाही" असं आधीच सांगा.

दुसरी गोष्ट राईस मिलची. भाताच्या तुसाच्या राखेत बहुतांश सिलिकाच असतं. रस्त्याच्या धुळीतही क्वार्ट्झ असतंच, आणि कडकपणाच्या मोजपट्टीवर ते ७ वर बसतं. क्लियर कोट त्यापुढे अगदी मऊ. अशी धूळ नीट न धुता पॅडखाली आली तर तुमच्या महागड्या बारीक पॉलिशचा काचपेपर झाला म्हणून समजा. धुणं, क्ले फिरवणं आणि प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ करणं हे कामाच्या वेळेत धरा. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर आणि शेडखालीच. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड मिनिटात वाळतं आणि मग नुसतं कोरडं घासणं उरतं.

हिशेब मांडू. स्वस्त जाड रबिंग लिटरला ८०० रुपये धरा, एका गाडीला १५० मिलि, म्हणजे १२० रुपये. चांगलं कंपाउंड लिटरला २,५०० धरा, गाडीला ८० मिलि, म्हणजे २०० रुपये. फरक ८० रुपयांचा. पण स्वस्त रबिंगने ठेवलेली जाळी काढायला तीन तास जास्त गेले आणि पोराची मजुरी तासाला ७५ रुपये असेल, तर २२५ रुपये तिथेच गेले. शिवाय त्या तीन तासांत दुसरी गाडी धुऊन झाली असती. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून बघा.

माझ्याच हातून शिकताना एका बोनेटची कड गेली होती. लोकरीचं पॅड, रोटरी मशीन आणि "अजून एक फेरा मारतो". कडेला रंग मुळात पातळ असतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच एकवटतो. खालचा प्राइमर दिसला तेव्हा गाडीचा मालक चहा घेत समोरच बसला होता. बोनेट पूर्ण रंगवून दिलं, त्या महिन्याची कमाई त्यात गेली. तेव्हापासून कडांना, रेघांना आणि कोपऱ्यांना आधी टेप लावतो, आणि नव्या गाडीवर सुरुवात नेहमी सगळ्यात मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने, दीड फुटाच्या एकाच चौकोनात करतो. तेवढ्यात भागलं तर जाड बाटली उघडायचीच नाही. पांढऱ्या गाड्यांचं बहुतेक वेळा तेवढ्यातच भागतं.

जुन्या गाड्या आणि ट्रॅक्टरवर बरेचदा क्लियर कोट नसतो, तिथे पॅडला गाडीचाच रंग लागतो. ते चालतं. पण क्लियर कोट असलेल्या गाडीवर पॅड रंगीत झालं तर मशीन तिथेच बंद करा आणि मालकाला बोलावून दाखवा.

सुरुवातीला एक मध्यम कंपाउंड, एक फिनिशिंग पॉलिश आणि तीन जातींची दोन-दोन पॅडं एवढं पुरे. जाड कंपाउंडची छोटी बाटली कपाटात असू द्या. जॉब कार्डवर तारीख, कुठल्या भागावर कोणतं कंपाउंड आणि कोणतं पॅड वापरलं हे लिहा आणि त्याची एक प्रत गिऱ्हाइकाला द्या. दोन वर्षांनी तीच गाडी परत आली की आधी ते कार्ड मागा.