लकवा आणि लॉकडाऊन : वाटेत गेलेले तास



तोडलेला ऊस किती तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. ट्रॅक्टर वाटेत अडकला की वजन घटते, उतारा घसरतो, आणि मग काट्यावर कितीही भांडलो तरी गेलेले परत येत नाही. लकव्याचेही तसेच आहे. फक्त तिथला हिशेब मिनिटांचा असतो.

सन २०२० च्या एप्रिलमधली गोष्ट. रामनवमी होऊन दोन दिवस झाले होते. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, सकाळी सातच्या सुमारास ओट्यावर चहा घेत होते. कप हातातून सुटला. तोंड वाकडे झाले, उजवा हात उचलेना, जीभ जड झाली. काकू ओरडल्या तशी भावकी जमली. जो तो एकच सांगत होता, "दवाखान्यात नेऊ नका. कोरोना म्हणून ठेवून घेतील, मग तोंडसुद्धा बघू देणार नाहीत."

आता गंमत पाहा, गंमत कसली म्हणा! त्या दिवशी परभणी जिल्ह्यात कोरोनाचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. पहिला रुग्ण एप्रिलच्या मध्यास सापडला. रोगाच्या आधी भीती येऊन बसली होती. हाताला तेल चोळण्यात दिवस गेला. कुणीतरी पाणी पाजले, तर ठसका लागून जीव घाबरा झाला. दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून नेले. वाटेत दोन ठिकाणी नाकाबंदी. दवाखान्यात आधी तापाची चौकशी, मग डोक्याचा सीटी स्कॅन. डॉक्टर म्हणाले, "काल दुपार व्हायच्या आत आणले असते, तर इंजेक्शनचा विचार करता आला असता."

हे इंजेक्शन म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे औषध होय. ते साधारणपणे त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण लकवा दोन तऱ्हेचा. कधी गुठळी अडकते, तर कधी रक्तवाहिनी फुटते. फुटलेल्याला हे औषध दिले तर जिवावर बेतते, म्हणून स्कॅन आधी. आणि रात्री धड झोपलेला माणूस पहाटे लुळा उठला, तर घड्याळ रात्रीपासून धरतात. मोठ्या शहरांतून तार घालून गुठळी ओढून काढण्याची सोय आहे, पण परभणीहून छत्रपती संभाजीनगर गाठायचे म्हणजेच तीन-चार तास.

आमच्याच गावचे लोक अडाणी होते असे कुणी समजू नये. ७० देशांतल्या ४५७ रुग्णालयांचा हिशेब पुढे प्रसिद्ध झाला. साथीच्या पहिल्या चार महिन्यांत लकव्याचे दाखल रुग्ण सुमारे साडेअकरा टक्क्यांनी कमी झाले, आणि गुठळीचे इंजेक्शन घेणारे तेरा टक्क्यांनी. लकवा काही रजेवर गेला नव्हता. उलट कोरोनाने रक्तात गुठळ्या होतात हेही दिसून आले. बरेच रुग्ण घरीच राहिले. जे पोचले त्यांना वॉर्ड कोरोनाकडे वळलेले, डॉक्टर-नर्स तिकडेच गुंतलेले आढळले.

आणखी एक नुकसान झाले, त्याची चर्चा कमी होते. लकव्यानंतरचे पहिले काही महिने व्यायामाचे असतात. त्या वर्षी व्यायाम शिकवणारा माणूसच मिळेना. तात्यांचा हात छातीशी आखडला तो आखडलाच. बी.पी.च्या गोळ्या संपल्या म्हणून कित्येकांनी त्या महिन्यांत बंदच केल्या. लकव्याला याहून मोठे आमंत्रण नाही.

परभणीला २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, नांदेडला ते आधीपासून आहे. १०८ ची गाडी २०१४ पासून फुकट येते. फोनवर "तोंड वाकडे, हात लुळा, बोबडे बोलणे" एवढे सांगावे, आणि त्रास किती वाजता सुरू झाला तेही. सीटी स्कॅन कुठे होतो हे आधीच विचारून ठेवावे. पाणी, चहा, घरातली कुठलीही गोळी तोंडात घालू नये.

तात्या आता काठीवर चालतात. पूर्वी उसाच्या बिलावर त्यांची मोडी वळणाची ऐटदार सही असायची. गेल्या हंगामात शेतकी ऑफिसात त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. क्लार्कने शाईचे पॅड पुढे सरकवले, तेव्हा म्हातारा खिडकीबाहेर बघत होता.