धरणातले पाणी नळापर्यंत शुद्ध राहते का?

हिंगोली जिल्ह्याच्या बहुतांश भागात जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात आणि भेगांमध्येच. पावसाळ्यात भरलेल्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, त्या यामुळेच. सेनगाव तालुक्यातील पुसेगावपासून औंढ्यापर्यंत अनेक गावांचा हा प्रश्न आहे. त्यावरचा एक उपाय म्हणजे मोठ्या जलाशयातून अनेक गावांना एकत्रित पाणी देणारी प्रादेशिक योजना. पूर्णा नदीवर येलदरी आणि तिच्या खालच्या बाजूस सिद्धेश्वर असे दोन मोठे जलाशय आहेत. हिंगोली शहराची तहानही सिद्धेश्वरच भागवते.

जलाशयातील पाणी प्रथम जॅकवेलमध्ये घेतले जाते व पंपांद्वारे शुद्धीकरण केंद्रात आणले जाते. तेथे ते पायऱ्यांवरून खळाळत सोडतात, जेणेकरून त्यात हवा मिसळावी. नंतर तुरटीचे द्रावण घालून ते ढवळले जाते. मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. उरलेला गाळ वाळूचे थर अडवतात. हे थर तुंबले की उलट दिशेने पाणी सोडून धुवावे लागतात. अखेरीस क्लोरीन मिसळून रोगजंतूंचा नाश केला जातो.

शुद्ध झालेले पाणी उंचावरील मुख्य संतुलन टाकीत चढवतात आणि तेथून ते शक्य तेथे उतारानेच गावोगावच्या टाक्यांकडे जाते. पंप बंद पडले की ही सारी साखळी थांबते. म्हणूनच थकलेले वीजबिल हे अशा योजनांचे मोठे दुखणे ठरले आहे.

खरा धोका मात्र त्यापुढे आहे. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी असते. गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते आणि केंद्रात केलेले कष्ट वाया जातात. यावर पहारा ठेवते ते पाण्यात शिल्लक राहिलेले क्लोरीन. नळाच्या पाण्यात ते लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम असावे, असे भारतीय मानक सांगते. लांबच्या प्रवासात ते घटत जात असल्याने गावच्या टाकीत जलसुरक्षकाला पुन्हा विरंजक चूर्ण घालावे लागते. उघड्या पोत्यात राहिलेल्या चुर्णाची शक्ती मात्र कमी होते. तेव्हा नुसते वजन पाहून भागत नाही.

ओटी द्रावणाचे काही थेंब टाकताच पाणी पिवळसर झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. ही चाचणी टाकीजवळ करून उपयोग नाही. ती गावाच्या टोकाच्या नळावरच व्हायला हवी. योजना कागदावर कितीही मोठी असली, तरी तिची गुणवत्ता ठरते ती त्या शेवटच्या घरात भरलेल्या हंड्यावरून.