*इंजिनाच्या प्रेशर सेन्सरपाशी ऑईल गळतंय? आधी हे वाचा*



आज पिकाचा नाही, गाडीचा सल्ला. मे महिन्यात रावेर-सावद्याकडून केळीच्या गाड्या भरून निघतात, शिरपूर-साक्रीकडे नांगरटी चालू असतात. अशा वेळी गाडी बसली तर माल पण बसतो. आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा ऑईल पातळ होतं. त्यात ते कमी पण असेल तर इंजिनाला धोका जास्त.

*हा सेन्सर करतो काय?*
इंजिनाच्या ब्लॉकवर, बऱ्याच गाड्यांत ऑईल फिल्टरच्या जवळ, बोटाएवढा एक स्वीच आट्यांवर बसवलेला असतो. कार, पिकअप, ट्रॅक्टर, सगळ्यांत तत्त्व एकच. आतल्या पडद्यावर ऑईलचा दाब पडतो. दाब कमी झाला की डॅशबोर्डवर ऑईलच्या किटलीचा लाल दिवा लागतो. चावी फिरवल्यावर दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे.

*गळती नेमकी कुठून?*
ऑईल वरून खाली ओघळतं आणि त्यावर काळ्या मातीची धूळ बसते. म्हणून खालचा थेंब बघून ठरवू नका. इंजिन थंड असताना ती जागा फडक्याने कोरडी पुसा. मग १०-१५ मिनिटं इंजिन चालवून बंद करा आणि टॉर्च लावून सगळ्यात वरची ओली जागा शोधा.

▪️ वायरच्या टोकातून किंवा प्लास्टिकमधून ऑईल येतं : आतला पडदा फाटला. स्वीच नवीनच लागेल. एम-सील लावून भागत नाही.
▪️ बुडातून, आट्यांपाशी ओलं : वायसर गेलं किंवा स्वीच ढिला आहे.
▪️ स्वीचच्या वरून ओघळ येतो : दोष टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचा असू शकतो. स्वीच बदलून पैसे वाया जातील.

*बदलायचा कसा?*
१) गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
२) स्वीचची वायर काढताना क्लिप दाबून काढा, ओढू नका.
३) खाली डबा ठेवा. बरोबर मापाच्या सॉकेट पान्यानेच खोला. पकडीने कोपरे झिजतात.
४) जुना स्वीच दुकानात घेऊन जा. आटे आणि दाबाचं माप जुळलं पाहिजे. नुसतं "दिसायला सारखा" चालत नाही.
५) नवीन वायसर टाका. आधी हातानेच आटे बसवा, मग पान्याने आवळा. जास्त जोर लावला तर स्वीच तुटतो किंवा ब्लॉकचे आटे जातात. मग खर्च शेकड्यात नाही, हजारांत.

*टेफ्लॉन टेपचं काय?*
ठिबकच्या फिटिंगला लावतो तसा इथे टेप गुंडाळू नका. एका वायरच्या स्वीचला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. टेपने ते तुटलं तर दाब गेला तरी दिवा लागणार नाही. शिवाय टेपचा तुकडा आत गेला तर ऑईलचा रस्ता अडतो.

*बसवल्यावर*
काडी काढून ऑईल बघा. कमी असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच भरा. इंजिन चालू करा, दिवा विझला का पाहा, ५ मिनिटांनी पुन्हा टॉर्च मारा.

⚠️ *चालत्या गाडीत लाल दिवा लागला* तर "पारोळ्यापर्यंत जाऊ, मग बघू" करू नका. बाजूला घ्या, लगेच इंजिन बंद करा. दाबाशिवाय बेअरिंग थोड्या वेळातच घासतात आणि इंजिन जाम होतं. काडीवर ऑईल बरोबर असेल तरी "सेन्सरच खराब असेल" असं धरून चालू नका. मेकॅनिककडून स्वीचच्या जागी गेज लावून खरा दाब मोजून घ्या.

⚠️ ऑईल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडत असेल तर गाडी चालवूच नका, आग लागू शकते.

दोन-तीन वायरींचा सेन्सर असेल किंवा हात पोचत नसेल तर काम मेकॅनिकलाच द्या. सांडलेलं ऑईल बांधावर, विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या.

शंका असेल तर त्या जागेचा फोटो ग्रुपवर टाका. कपाशी बियाण्याचा सल्ला उद्याच्या मेसेजमध्ये.

– आपला कृषी सल्लागार